कॅक्टस ग्राफ्टिंगचा खुंट कुंडीत कसा वाढवायचा : मराठवाड्यातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफ्टिंगचे व्हिडिओ बघून लई जण ब्लेड आणि रबरबँड घेऊन बसतात, आणि मग आठ-दहा दिवसांनी विचारतात की वरचा तुकडा का सुकला. बहुतेक वेळा ब्लेडचा दोष नसतोच, खालचा खुंट उपाशी किंवा तहानलेला असतो, नाहीतर मुळाशी सडत असतो. म्हणून इथले सगळे प्रश्न खालच्या खुंटाचेच आहेत. कलम कसं बांधायचं ते शेवटी थोडक्यात आहे, कारण खुंट जोरात असला तर ते काम खरंच पाच मिनिटांचं आहे.

खुंट म्हणजे नेमकं काय आणि तो वेगळा वाढवायची गरज काय?

जालन्याकडच्या मोसंबीवाल्याला हे सांगावं लागत नाही, रंगपूर लाईम किंवा जंबेरीवर डोळा बांधल्याशिवाय त्याची बाग होत नाही. कॅक्टसमध्येपण तेच आहे, खाली मुळं चिवट आणि वाढ जोरात असलेला खुंट, वर हळू वाढणारा किंवा स्वतःच्या मुळावर नीट न जगणारा कॅक्टस. वरच्या भागाला सायन म्हणतात. ॲस्ट्रोफायटम या हळू वाढणाऱ्या गोल कॅक्टसचं बारकं रोप स्वतःच्या मुळावर बराच काळ वाटाण्याएवढंच राहतं, तेच चांगल्या खुंटावर एका हंगामात डोळ्यात भरण्याइतकं वाढतं. पण हा सगळा जोर खुंटाच्या मुळातून येतो, आणि मुळं तुम्ही दिलेल्या कुंडीत, मातीत आणि पाण्यात वाढतात.

आपल्याकडच्या हवेला कोणता खुंट चांगला?

माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात ड्रॅगन फ्रूटच्या फांदीपासून करा. कटिंग सहज मिळतं, उन्हाळ्याच्या तोंडाला लावलं तर तीन-चार आठवड्यात मुळं धरतं, आणि तिधारी असल्यामुळे मधला गाभा कुठंय ते लगेच दिसतं. त्याच्या अडचणी दोन. एक म्हणजे थंडी सोसत नाही, पारा १० अंशाच्या खाली गेला आणि त्यात माती ओली असली की नरम पडतो. दुसरं म्हणजे आयुष्य कमी, दोन-चार वर्षांत खुंट थकतो आणि वरचा गोळा जड झाला की वाकतोपण. म्हणून तो शिकायला आणि लवकर वाढ घ्यायला चांगला, कायमसाठी नाही.

कायमचा खुंट हवा असेल तर ट्रायकोसेरियस बघा, त्यातली पचनोई किंवा स्पॅचियानस कोणतीही जात. जाड, खांबासारखा, वर्षानुवर्षं टिकतो, थंडीचं टेन्शन नाही. फक्त एप्रिल-मेच्या हीटमध्ये त्याची वाढ थांबते, तेव्हा लोक घाबरून पाणी वाढवतात आणि तिथंच घोटाळा होतो.

मिर्टिलोकॅक्टस, तो निळसर खांबवाला, आपल्या उन्हाळ्याला लई मानवतो. नांदेड, लातूर, धाराशिव साईडला उन्हात मस्त वाढतो. पण परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशापर्यंत येतो, तिथं त्याच्या अंगावर काळे डाग पडतात, म्हणून थंडीत त्याला भिंतीच्या आडोशाला आणि कोरडं ठेवायचं. त्याच्या कटिंगला मुळं यायला वेळ लागतो, दोन महिने काही दिसलं नाही तरी उपटून बघू नका.

पेरेस्कियॉप्सिस हा पानांचा कॅक्टस फक्त बारक्या रोपांसाठी. बियातून उगवलेलं काही आठवड्यांचं रोप त्याच्यावर चढवतात आणि ते बघता बघता मोठं होतं. याला मात्र कॅक्टससारखं कोरडं ठेवून चालत नाही, तो पाण्याचा भोक्ता आहे.

आणि जुन्या बंगल्यांच्या, शाळांच्या कंपाउंडला जो उंच खांबासारखा सेरियस दिसतो ना, तोपण खुंट म्हणून चांगला चालतो. फुकट मिळतो, दणकट आहे, लोक उगाच त्याच्याकडं दुर्लक्ष करतात.

बांधावरचा निवडुंग चालतो का? गावाकडं फुकट पडलाय.

आधी बघा तो कोणता आहे. फांदी थोडी खरवडली आणि पांढरा चीक आला, तर तो कॅक्टस नाहीच, तो युफोर्बियाच्या घराण्यातला आहे. तिधारी निवडुंग आणि शेर दोन्ही त्यातलेच. त्याच्यावर कॅक्टस कधीच जुळणार नाही, कितीही बांधा, घराणंच वेगळं. आणि तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, म्हणून मुलांना त्याच्याजवळ ब्लेड घेऊन जाऊ देऊ नका. ओळखायची दुसरी खूण म्हणजे खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीच्या छोट्या मऊसर गादीतून फुटतात, युफोर्बियाला अशी गादी नसते.

चपट्या पानांसारखा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे, ओपन्शिया. त्याच्यावर कलम होतं, आणि आपल्या कोरड्या हवेत त्याच्याएवढा काटक कोणी नाही. पण दोन गोष्टी बघा. एक तर त्याच्या बारीक केसासारख्या कुसा हाताला लागल्या की दोन दिवस पिच्छा सोडत नाहीत, जाड हातमोजे आणि चिमटा पाहिजेच, कुसा टोचल्याच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. दुसरं म्हणजे अंगावर पांढरा कापूस दिसला तर तो कोशिनील किडा असतो, चिरडला की लालभडक रंग निघतो. ब्रिटिश काळात हेच ओपन्शियाचं तण माजलं होतं ते आवरायला हा किडा मुद्दाम सोडला होता, १९२६ साली श्रीलंकेतून त्याची एक जात आणली होती. तेव्हा बांधावरून कापूस लागलेला तुकडा घरच्या कॅक्टसमध्ये आणू नका.

ड्रॅगन फ्रूटचं कटिंग कुठून आणायचं?

शेतकऱ्याकडून. मराठवाड्यात आता सगळ्याच जिल्ह्यांत ड्रॅगन फ्रूटचे प्लॉट झालेत. फळांचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर, तो संपला की छाटणी होते आणि ढीगच्या ढीग फांद्या बांधावर टाकतात. तेव्हा जाऊन विचारा, कोणी नाही म्हणत नाही. पांढऱ्या गराचं झाड का लाल गराचं याचा खुंटासाठी फार फरक पडत नाही, फांदीची तब्येत बघा. साधारण वर्षाची, भरलेली, गर्द हिरवी फांदी घ्या. कोवळी लुसलुशीत नको, ती सुकतानाच आक्रसते, आणि खालची लाकूड झालेली करड्या रंगाचीपण नको. अंगावर नारंगी-तपकिरी खरबरीत ठिपके असतील तर ती फांदी सोडून द्या, तो खोडाचा करपा असतो आणि कुंडीत आल्यावर पहिल्या झडीत अख्खी फांदी खातो.

कटिंग कापून लगेच लावायचं का?

नाही. कापलेली जागा सुकून तिच्यावर टणक पापुद्रा धरला पाहिजे. सावलीत, हवेशीर जागी, उभं ठेवून. ड्रॅगन फ्रूटला आठवडाभर पुरतो, जाड ट्रायकोसेरियसला दोन आठवडे किंवा जास्तपण लागतात, पावसाळी दमट हवा असेल तर अजून वाढवा. आडवं टाकून ठेवलं तर खांबाला बाजूनं मुळं फुटतात आणि तो वाकतो. कापतानाच वरच्या टोकाला पेननं खूण करा, नाहीतर उलटं लावलं जातं, ड्रॅगन फ्रूटच्या बाबतीत हे सारखं होतं.

ड्रॅगन फ्रूटचं एक खास आहे. खालच्या टोकाला तिन्ही बाजूंचं मांस पेन्सिलीला टोक काढतात तसं इंचभर तासा, म्हणजे मधला गाभा पुढं येतो. मुळं त्या गाभ्यातून निघतात, आणि मांस मातीत राहिलं की तेच आधी सडतं. तासल्यावर बुरशीनाशकाची पूड लावा, नसेल तर साधी हळद लावली तरी कोरडं राहायला मदत होते, पण हळदीला बुरशीनाशक समजून निर्धास्त राहू नका.

कुंडी कोणती आणि केवढी?

लहान. याच्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. मोठ्या कुंडीत माती जास्त, मुळं कमी, म्हणून पाणी आठ-आठ दिवस तसंच राहतं आणि मुळं गुदमरतात. ड्रॅगन फ्रूटच्या एका खुंटाला चार इंची कुंडी किंवा नर्सरीची काळी पिशवी बास झाली, त्याची मुळं तशीही वरवरच पसरतात. ट्रायकोसेरियस आणि सेरियसला रुंदीपेक्षा खोली द्या, सहा इंची उभी कुंडी. पेरेस्कियॉप्सिस दोन-अडीच इंची कुंडीत किंवा ट्रेमध्ये.

मातीची कुंडी का प्लास्टिकची? पावसाळ्यात मातीची चांगली कारण ती अंगातून ओल सोडते, मे महिन्यात प्लास्टिकची बरी कारण मातीची कुंडी अर्ध्या दिवसात खडखडीत होते. ज्यांना खुंट जास्त करायचेत त्यांनी प्लास्टिकच घ्यावी, हलकी, स्वस्त, हलवायला सोपी. फक्त काळी कुंडी पश्चिमेच्या उन्हात उघडी ठेवू नका. दुपारनंतर तिच्या भिंतीला हात लावून बघा, हाताला चटका बसला तर आतल्या मुळांचंपण तेच होतंय. बाहेरून चुना मारा, किंवा एकात एक अशा दोन कुंड्या ठेवा, किंवा सगळ्या कुंड्या चिकटून ठेवा म्हणजे एकमेकींची सावली पडते. पेंटचे पांढरे डबे आणि तेलाचे प्लास्टिकचे डबेपण छान चालतात, पण भोकं खाली तर पाडाच, शिवाय बुडापासून अर्ध्या इंचावर बाजूनंपण चार पाडा. डबा टाइल्सवर टेकला की खालची भोकं बुजतात.

शेतातली काळी माती भरली तर चालेल का?

नाही चालणार. कापसाला, तुरीला, सोयाबीनला ती सोनं आहे, पण कुंडीत नाही. तिच्यात निम्म्याच्या आसपास फुगणारी चिकणमाती असते, पाणी पडलं की फुगते, हवा बंद होते, आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळं तुटतात. शेतात खाली निचऱ्याला कित्येक फूट जागा आहे, कुंडीत चार इंच. मूठभर टाकली तर बिघडत नाही, भरायची मात्र नाही.

मी सांगतो तो मेळ असा: दोन भाग खडी मशीनची कच, दोन ते पाच मिमीची, पावडर चाळून टाकलेली आणि धुतलेली. एक भाग वीटचुरा, तोपण चाळून. एक भाग कोकोपीट किंवा नीट कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. वरून कुंडीमागं चमचाभर निंबोळी पेंड. हा ट्रायकोसेरियस, सेरियस, मिर्टिलोकॅक्टसला. ड्रॅगन फ्रूट मुळात झाडाच्या खोडाला धरून पालापाचोळ्यात वाढणारा, त्याला खत-कोकोपीटचा भाग अर्ध्यापर्यंत वाढवा. पेरेस्कियॉप्सिसला त्याहून थोडा जास्त.

आता मराठवाड्यातली खरी अडचण सांगतो, ती म्हणजे चुनखडी. आपल्या नद्यांच्या वाळूत, मुरमात पांढरे खडे असतात, बगा हातात घेऊन. ते हळूहळू विरघळतात आणि मातीचा सामू (पीएच) वर चढवत राहतात, मग लोह असूनसुद्धा झाडाला उचलता येत नाही. तपासायला लॅब नको, मूठभर वाळू वाटीत घ्या, वरून व्हिनेगर ओता. फसफसली तर ती वाळू बांधकामाला ठेवा. आपल्याकडचा काळा दगड बेसॉल्ट आहे, त्याची कच बहुतेक फसफसत नाही, म्हणून मी वाळूपेक्षा कच घ्या म्हणतो. मुरूमही असाच तपासून घ्या, लालसर आणि न फसफसणारा मिळाला तर वीटचुऱ्याच्या जागी उत्तम.

कोकोपीट विटेच्या रूपात मिळतं त्यात मीठ असतं, दोन-तीनदा धुऊन, पिळून मग वापरा. आणि चुलीची किंवा साखर कारखान्याची राख टाकू नका, ती सामू अजून वाढवते.

आमच्याकडं फक्त बोअरचं पाणी आहे, लई जड आहे, काय करायचं?

हा प्रश्न बीड, लातूर, जालना, सगळीकडून येतो. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर धरतोय म्हणजे क्षार साचायलेत. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, पत्र्याची पन्हळ असेल तर दोन टिपं भरून झाकून ठेवा, पन्नासभर खुंटांना ते बरेच आठवडे पुरतं कारण एका चार इंची कुंडीला एका वेळेला जेमतेम कपभर ते दोन कप पाणी लागतं. एसीचं गळणारं पाणीही चालतं. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला झाडासाठी फिल्टरचं पाणी ओता असं मी म्हणणार नाही, कॅक्टसचा हाच मोठेपणा आहे की थोड्या पाण्यात तो माणसाला आनंद देतो.

बोअरचंच द्यायचं असेल तर त्यात लिंबूसत्व चिमूट चिमूट टाकून ढवळा आणि पीएचच्या पट्टीनं बघा, ६ ते ६.५ च्या मध्ये आलं की थांबा. प्रत्येक बोअरचं प्रमाण वेगळं निघतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. आणि महिन्यातून एकदा पावसाच्या किंवा गोड्या पाण्यानं कुंडी भरभरून धुवा, खालून पाणी धो धो वाहून गेलं पाहिजे, त्याच्याबरोबर क्षार जातात. घोट घोट पाणी रोज घालणाऱ्यांच्या कुंड्यांत हेच क्षार सगळ्यात जास्त साचतात.

पाणी किती दिवसांनी?

वार ठरवून नाही. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खोचा, पाच मिनिटांनी काढा, ओली आली तर थांबा. कोरडी आली तर भरपूर द्या, खालून निघेपर्यंत. खुंट वाढवताना फार उपाशी ठेवायचा नाही हे लक्षात घ्या, शोभेच्या कॅक्टसला महिना महिना पाणी नाही दिलं तरी चालतं पण खुंट आपल्याला रसरशीत पाहिजे, सुरकुतलेला नाही. वाढीच्या दिवसात ड्रॅगन फ्रूटला साधारण चार-पाच दिवसांनी लागतं, ट्रायकोसेरियसला आठवड्यानं, पेरेस्कियॉप्सिसची माती पूर्ण सुकूच देऊ नका.

उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी द्या, सकाळी नको. कॅक्टस दिवसा आपली छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, म्हणजे त्याचा श्वास-व्यवहार रात्रीच चालतो, आणि संध्याकाळी दिलेलं पाणी दुपारच्या कुंडीत उकडत नाही.

मुळं नसलेल्या नव्या कटिंगला पहिले आठ-दहा दिवस पाणीच नाही, मग फक्त हलकं शिंपडायचं. मुळं नाहीत तर पाणी पिणार कोण.

ऊन किती लागतं? कॅक्टस आहे तर थेट उन्हात ठेवू ना?

मार्चपर्यंत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो तेव्हा ५० टक्केवाली ग्रीन नेट लागतेच. ड्रॅगन फ्रूटचे शेतकरी अख्ख्या प्लॉटवर नेट टाकायलेत ते हौस म्हणून नाही, उन्हानं फांद्या पिवळ्या पडून भाजतात. भाजलेला डाग नैऋत्येच्या अंगाला पडतो, आधी पिवळा, मग पांढरट, मग खाकी, आणि तो परत हिरवा होत नाही. खुंटावर असा डाग म्हणजे तेवढं अन्न बनवणारं अंग गेलं.

गच्चीवर अजून एक त्रास असतो, खालची फरशी. कुंड्या फरशीवर ठेवू नका, विटांवर फळी टाकून किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. आणि सावलीतलं रोप एकदम उन्हात नेऊ नका, आठ-पंधरा दिवसात हळूहळू सरकवा. उलट फार सावलीत ठेवलं तर खुंट बारीक, फिकट आणि लांबुळका होतो, अशा पोकळ खुंटावर कलम बांधून काही फायदा नाही.

पावसाळ्यात खुंट सडतात, बाहेर ठेवायचे का आत?

मृगाच्या पहिल्या सरी अंगावर घ्याव्यात, पावसाचं पाणी त्यांना मानवतं, धूळपण धुऊन निघते. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार दिवसांची झड लागली की मात्र वर पारदर्शक प्लास्टिक पाहिजे, बाजूनं उघडं, हवा खेळती. चारी बाजूनं बंद केलं तर आत वाफ साचते आणि ती पावसापेक्षा वाईट. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर जून ते ऑक्टोबर काढून ठेवा. आपल्याकडं पावसात मोठी उघडीप पडते, पंधरा-वीस दिवस थेंब नाही आणि ऊन कडक, तेव्हा लोक पावसाळा आहे म्हणून पाणी द्यायचं विसरतात. काडी खोचून बघत राहा.

झड लागणार असं वाटलं की आधी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मातीत द्या, आणि सततचा ओलावा राहिला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच-तीन ग्रॅम फवारा. दोन्ही एकाच वेळी देऊ नका, बुरशीनाशक मित्रबुरशी का शत्रूबुरशी ते बघत नाही.

खत कोणतं?

१९:१९:१९ घरात असेलच, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आणि जुलै ते ऑक्टोबर. हीटच्या महिन्यात आणि थंडीत बंद. युरिया अजिबात नको, खुंट फुगतो पण आतून पाणीदार राहतो आणि कापला की सडतो. कलम करायच्या दोन-तीन आठवडे आधी कोणतंच नत्र देऊ नका. ट्रायकोसेरियस खाणारा आहे, त्याला शेणखताचा चहाही, म्हणजे शेणखत भिजवून गाळलेलं पाणीही मानवतं.

नवीन वाढ पिवळी पडायली आहे, जुनी हिरवीच आहे. कशानं?

लोह मिळत नाहीये. मोसंबीवाले हे चांगलं ओळखतात, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, कॅक्टसमध्ये शेंडा फिकट पिवळा दिसतो. मूळ कारण चुनखडी आणि बोअरचं पाणी. चिलेटेड लोह द्या पण प्रकार बघून घ्या, ईडीटीएवालं चढ्या सामूच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचएवालं टिकतं. त्याच्याबरोबर पाणी सुधारा, नाहीतर दर महिन्याला तेच. खालचा भाग पिवळा पडून नरम लागत असेल तर मात्र लोहाचा विषय नाही, लगेच उपटून मुळं बघा.

पांढरा कापूस, लालसर जाळी यावर काय?

फड्या निवडुंगावरचा कोशिनील सोडला तर कापूस म्हणजे बहुतेक पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून काढा. जास्त असतील तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी रोप सावलीत. हा ढेकूण मुळांतपण असतो आणि तिथला जास्त घातक, वरून काहीच दिसत नाही, खुंट नुसता वाढायचा थांबतो. कुंडी उपडी करून बगा, मुळांवर आणि कुंडीच्या आतून पांढरी पूड दिसेल. माती फेकायची, मुळं धुवायची, इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यात बुडवून, सुकवून नव्या मातीत लावायचं. हातमोजे घाला आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नका.

लाल कोळी कोरड्या उन्हाळ्यात येतो, शेंड्याजवळ खाकी खरबरीत होतं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी जोरात पाण्याचा फवारा मारला तरी आटोक्यात राहतो. गंधकाची पूड ३५ अंशाच्या वर मारू नका, अंग भाजतं.

बुडाशी नरम झालंय. वाचेल का?

वरचा भाग टणक असेल तर हो. स्वच्छ ब्लेडनं वर वर चकत्या कापत जा, प्रत्येक कापाआधी ब्लेड स्पिरिटनं पुसा. मधल्या शिरांच्या रिंगमध्ये, म्हणजे कापल्यावर मधे दिसणाऱ्या गोल कड्यात, तपकिरी किंवा नारंगी ठिपकासुद्धा राहता कामा नये, एक ठिपका राहिला तरी तो वर चढतो. स्वच्छ हिरवं-पांढरं दिसलं की कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची पूड लावून सुकवा आणि नवीन कटिंगसारखं लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

थंडी आणि गारपिटीचं काय?

डिसेंबर-जानेवारीत पाणी महिन्यातून एखाद्या वेळी, ड्रॅगन फ्रूट आणि मिर्टिलोकॅक्टस दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीशी. भिंत दिवसा तापते आणि रात्रभर ऊब देते. गारपीट फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, २०१४ ची कोणी विसरलं नसेल. गारेनं पडलेल्या जखमेतून नंतर सड शिरते, म्हणून नेट फक्त मे महिन्यापुरती नका बांधू, फेब्रुवारीपासूनच असू द्या. मार लागलाच तर जखमा कोरड्या होईपर्यंत पाणी बंद.

खुंट कलमाला तयार झालाय हे कसं कळतं?

शेंड्याला नवीन वाढ चालू पाहिजे, ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची खूण. जो खुंट झोपलाय तो वरच्या तुकड्याला पाजणार नाही. हलकं ओढल्यावर हलायला नको, भोकातून मुळं डोकवायला पाहिजेत, अंग दाबल्यावर टणक. ड्रॅगन फ्रूट मुळं धरल्यावर दोन-तीन महिन्यात इथपर्यंत येतो, खांबवाल्यांना बऱ्याचदा वर्ष लागतं. कलमाच्या दोन-तीन दिवस आधी पोटभर पाणी द्या.

कापायचं कुठं? अगदी कोवळ्या शेंड्यात नाही आणि लाकूड झालेल्या बुडातही नाही, मधे जिथं ब्लेड लोण्यात गेल्यासारखं जातं तिथं. खाली चार-सहा इंच हिरवं अंग राहू द्या. कापल्यावर कडा तिरक्या तासा, कारण सुकताना मधला भाग खाली बसतो आणि साल तशीच राहते, मग सायन उचलला जातो. मग एक पातळ चकती पुन्हा कापून सायन ठेवा, दोघांच्या शिरांच्या रिंगा कुठंतरी एकमेकींना छेदल्या पाहिजेत, सायन बारका असेल तर मधोमध न ठेवता सरकवून ठेवा. रबरबँड, आठ-दहा दिवस सावली, कापावर पाण्याचा थेंब नाही, मातीला मात्र ओल ठेवा.

कलम कोणत्या महिन्यात?

फेब्रुवारी मध्य ते मार्च अखेर, आणि परतीचा पाऊस ओसरल्यावर थंडी पडेपर्यंत. मे मध्ये काप जुळायच्या आत सुकतो, झडीत बुरशी लागते. म्हणजे फेब्रुवारीत ड्रॅगन फ्रूटचं कटिंग लावलं तर ऑक्टोबरात कलम, हे गणित आपल्याकडं बरोबर बसतं.

नर्सरीतला लाल-पिवळा टोपीवाला कॅक्टस वर्षभरात मरतो, का?

त्या लाल गोळ्यात हिरवं द्रव्यच नाही, तो जिम्नोकॅलिशियमचा रंगीत प्रकार आहे, १९४० च्या दशकात जपानमध्ये निघाला आणि आता कोरियातून जगभर जातो. स्वतःचं अन्न तो बनवूच शकत नाही, सगळं खालच्या तिधारी खुंटावर, आणि तो खुंट म्हणजे आपलाच ड्रॅगन फ्रूट. दुकानात तो नुसत्या कोकोपीटमध्ये, सावलीत, कायम ओला ठेवलेला असतो. आणल्या आणल्या कोकोपीट धुऊन वर सांगितलेल्या मातीत लावा, सकाळचं ऊन द्या, आणि खालून फुटणारे हिरवे कोंब काढा. खुंटाचा रंग फिकट व्हायला लागला की वाट बघू नका, लाल गोळा कापून तुमच्या घरच्या तरण्या खुंटावर बसवा. खुंट थोडा उंच ठेवा, हिरवं अंग जेवढं जास्त तेवढं त्याला खायला जास्त.

कलमानंतर खुंटाला कोंब फुटायलेत, ठेवायचे का?

रंगीत सायनच्या खुंटाला किंवा नुकत्याच जुळलेल्या कलमाला येणारे कोंब बारीक असतानाच मोडा, नाहीतर सगळा जोर तिकडं जातो. पण कलम फेल गेलं असेल तर खुंट फेकू नका. दोन कोंब वाढू द्या, ते वीतभर झाले की त्याच मुळांवर एकावर पुन्हा कलम करता येतं आणि दुसरा कापून नवीन कटिंग म्हणून लावता येतो.